चौतीस आणि पाच यांच्यामधलं टिंब

मामा,

आज खताच्या खोलीत नव्या बाईला वजन करायला शिकवलं. आधी काटा शून्यावर आण, मग रिकामी वाटी ठेव, पुन्हा शून्य कर आणि मगच चमचा हातात घे, असं सांगितलं. तिनं सहज विचारलं, "तुमी कुठं शिकलात हे?" मी म्हणाले, "पुण्याला, ट्रेनिंगमध्ये." उत्तर इतकं चटकन तोंडातून गेलं की माझी मलाच शरम वाटली. पुण्यात तीन दिवस पडद्यावर तक्ते दाखवले होते, चहा-बिस्किटं दिली होती आणि शेवटी एक प्रमाणपत्र. चमचा हातात कुणी दिला नव्हता. चमचा तुम्ही दिला होता, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, मी अकरावीला असताना. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी अजून तुमचं नाव घेताना जीभ आवरते. नाव घेतलं की कुणीतरी पुढचं विचारील, म्हणून.

शाळेत तुम्ही प्रयोगशाळेचे परिचर. खाकी शर्ट, वरच्या खिशात चिमटा. सगळी पोरं तुम्हाला मामा म्हणायची, सरसुद्धा मामाच म्हणायचे. सर फळ्यावर सूत्र लिहून स्टाफरूमला जायचे आणि खरं प्रात्यक्षिक तुम्ही घ्यायचात. काचेच्या पेटीतल्या तराजूपाशी मी पहिल्यांदा उभी राहिले तो दिवस मला आठवतो. मी वजनपेटीतलं पाच ग्रॅमचं वजन दोन बोटांनी उचललं आणि तुम्ही माझ्या मनगटावर हळूच टिचकी मारलीत. "चिमट्यानं, पोरी. बोटाला तेल आसतंय. आज न्हाई कळायचं. धा वर्षांनी हेच वजन खोटं बोलंल." वर्गातली पोरं हसली. मी लाल झाले. पण त्यानंतर मी कधी वजनाला हात लावला नाही. बारावीच्या परीक्षेत माझ्या परीक्षानळीत पांढरा साका बसला आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली, तेव्हा दाराच्या फटीतून तुम्ही बघत होतात. घरच्या कुणापेक्षा तुम्हालाच जास्त आनंद झाला होता.

पुढं माझं लग्न झालं, तेही चार किलोमीटरवरच्या गावात. यांची नोकरी परभणीला, थोरल्या भाऊजींची सेलूला आडत. शेताचा सगळा कारभार भाऊजींच्या हातात. मी पाच गुंठ्यांवर पॉलिहाऊस टाकायचं म्हटलं, नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत काकडी लावायची, मातीच नको म्हटलं, तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या भस्मात आठ्या पडल्या. "मातीशिवाय शेती? बरं, करा. दोन हंगाम देतो. न्हाई जमलं तर तिथं सोयाबीन पेरायचं, मग बोलायचं न्हाई." त्याच आठवड्यात बाजारात तुम्ही भेटलात. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि हाताला काम नाही म्हणून तुम्ही बेजार होतात. मी विचारलं, माझी खतं मिसळायला याल का. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर हजर. सोबत एक खाकी खोळ शिवून आणली होती, जुन्या गणवेशाच्या कापडाची. "काट्याला धूळ बसू द्यायची न्हाई," एवढंच बोललात आणि ती माझ्या नव्या डिजिटल काट्यावर चढवलीत. अगदी मापाची बसली. माप कधी घेतलंत, देव जाणे.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला काय दाखवलंत ते मी आजही जशाच्या तसं दुसऱ्यांना दाखवते. दोन काचेचे ग्लास. एकात कॅल्शियम नायट्रेट विरघळवलेलं, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही दाट. दोन्ही पाणी नितळ. मग एक दुसऱ्यात ओतलंत आणि बघता बघता सगळं दूध फाटल्यागत पांढरं झालं, तळाला गाळ बसायला लागला. "वळखला का?" तुम्ही विचारलंत. "परीक्षेतला साका तुमचा. हा जर नळीत बसला तर एक थेंब पडायचा न्हाई झाडाला. म्हणून दोन ड्रम. ह्याचं तोंड त्याला दाखवायचं न्हाई." पुण्याच्या तक्त्यात हेच लिहिलं होतं, 'अ' टाकी, 'ब' टाकी. मी ते पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी. मे महिना होता. पत्र्याच्या खोलीत जीव नकोसा झालेला, आणि तुम्ही बादलीत नायट्रेट ढवळत मला हाक मारलीत, "ताई, हात लावून बघा बादलीला." बादली बाहेरून घामेजलेली, माठासारखी गार. खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. तुम्ही ओला हात मानेवरून फिरवलात आणि लहान मुलासारखे हसलात.

'ताई' म्हणालात. शाळेत मी 'पोरी' होते. मी एकदाही म्हटलं नाही की मामा, मला पोरीच म्हणा. मला ते आवडत होतं, हे खरं आहे. पॉलिहाऊस बघायला लोक यायचे, बोरीहून, जिंतूरकडून, कधी परभणीहून शिकणारी मुलं. मी त्यांना काकडीच्या रांगांतून फिरवायची, सामू आणि क्षारांचं माप काढून दाखवायची, मोठमोठे शब्द वापरायची. कुणी खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या तुमच्याकडं बघितलं की म्हणायची, "हे आमच्याकडे कामाला आहेत." एकदा त्यांतल्या एका प्राध्यापकानं विचारलं की इतकं स्वच्छ मिश्रण कोण करतं, ड्रमच्या तळाला कण नाही. मी म्हणाले, "मीच करते." तुम्ही चहाचे कप गोळा करत होतात. तुम्ही ऐकलंत. संध्याकाळी जाताना नेहमीसारखं म्हणालात, "येतो ताई," आणि सायकलला टांग मारलीत. मी स्वतःला समजावलं की त्यांना वाईट वाटलेलं नाही.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात मी ठरवलं की सूक्ष्म खतांची तयार पुडी घ्यायची नाही. जस्त, तांबं, मँगनीज, बोरॉन, सगळं सुटं आणून आपणच मिसळायचं. मी दोन दिवस वहीत आकडेमोड केली आणि एका आखीव कागदावर यादी लिहून खोलीच्या भिंतीला चिकटवली. लिहिताना एका कानाला फोन होता, हे मला नंतर आठवलं. बोरॉनसाठी कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर, तिच्यापुढं ३४.५ ग्रॅम लिहायचं होतं. मी ३४५ लिहिलं. तुम्ही सकाळी वजनं काढत होतात. मी दाराबाहेर कुणाशीतरी बोलत होते. तुम्ही आतून विचारलंत, "ताई, ही कॅरमची पावडर लय वाटायलीय मला. बाकी सगळं चमच्यानं अन् हीच तेवढी वाटीनं?" मी मान वळवली नाही. "लिहिलंय तेवढंच टाका, मामा. हिशोब मी केलाय." तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "एकदा बघता का?" असंही म्हणालात, हळू आवाजात. आणि तुमच्या हाताखाली तराजू धरायला शिकलेली मी म्हणाले, "मामा, ही शाळा नाही. वेळ नाहीये माझ्याकडे." तुम्ही पुन्हा विचारलं नाही. त्या कागदाप्रमाणे एक ड्रम झाला, अकरा दिवसांनी दुसरा झाला.

कडा करपताहेत हे पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. खालची पानं, कडेला पिवळी, मग तपकिरी, मग कागदासारखी वाळकी. मी म्हणाले, ऊन. तुम्ही म्हणालात, "ऊन वरच्या पानाला आधी लागंल ना." मी तेही उडवून लावलं. आठ-दहा दिवसांत निम्म्या वेलींची कोवळी फळं गळायला लागली तेव्हा पानं तपासायला पाठवली. अहवाल फोनवर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बोरॉन, प्रमाणाबाहेर. मी खताच्या खोलीत गेले, भिंतीवरच्या कागदापुढं उभी राहिले आणि पहिल्याच नजरेत मला दिसलं. चौतीस आणि पाच यांच्यामध्ये काही नव्हतं. तुम्ही मागच्या बाजूला पिशव्यांतून साधं पाणी सोडून भुसा धूत होतात, अहवाल यायच्या आधीच, आपल्या अंदाजानं. आणि फाटकापाशी भाऊजींची जीप वाजली.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. मी कागद भिंतीवरून काढला. टेबलाच्या खणात तीन पेन होते. ज्यानं यादी लिहिली होती तो निळा पेन मी शोधून काढला, तळहातावर टेकवून शाई बघितली, आणि चौतीस आणि पाच यांच्यामध्ये एक टिंब दिलं. मग ते फार ठळक वाटलं म्हणून त्यावर बोट फिरवलं, जरासं पुसट केलं. एवढं सगळं करताना माझा हात कापला नाही. तुम्ही शिकवलेला हात होता तो, लहान वस्तू सांभाळून हाताळणारा.

भाऊजी आले, वेली बघितल्या, एक करपलेलं पान तोडून हातात चुरगाळलं. मग म्हणाले, "कशानं झालं हे?" मी म्हणाले, "बोरॉन दहापट पडलंय. मामांकडून." आणि कागद पुढं केला. "मी बरोबर लिहून दिलं होतं, हे बघा. त्यांना टिंब दिसलं नसणार. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, वयही झालंय." मी मागं वळले तर तुम्ही दारात उभे. हातात पाण्याचा पाइप, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. भाऊजींनी कागद तुमच्याकडं दिला. तुम्ही चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. कागद उजेडाकडं धरलात. किती वेळ बघत होतात, मामा. मग कागद परत दिलात आणि म्हणालात, "माझ्याकून झालं, मालक. टिंब न्हाई दिसलं मला."

"दिसत न्हाई तर असल्या कामाला हात कशाला लावायचा?" भाऊजी म्हणाले.

"व्हय. बरोबर हाय तुमचं."

माझ्याकडं तुम्ही बघितलंतही. तुमच्या नजरेत राग नव्हता. त्या नजरेचा अर्थ मी त्याच घटकेला लावून टाकला आणि पुढं दोन वर्षं तो अर्थ उराशी धरून बसले. मला वाटलं, मामांना सगळं कळलंय. आपली शाई, आपलं टिंब, सगळं त्यांनी ओळखलंय आणि पोरीसाठी त्यांनी आळ आपल्यावर घेतला. या विचारानं मला रडू यायचं आणि आधारही वाटायचा. कुणीतरी आपल्यावर एवढी माया करतं, असं वाटायचं. चूक माझी होती, पण तिला माफी मिळून गेली आहे, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते खोलीची किल्ली द्यायला. मी दारातच म्हणाले, "मामा, थोडे दिवस आराम करा." तुम्ही "बरं" म्हणालात. मग विचारलंत, नायट्रेटचं पोतं उघडं राहिलंय का, पावसाळी हवा आहे, ओल धरंल. मी म्हणाले, बांधलंय. बांधलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर बांधलं. त्यानंतर तुम्ही कधी त्या रस्त्यानं दिसला नाहीत. आमच्याकडं येणारा-जाणारा प्रत्येक जण तुम्हाला ओळखत होता, त्यामुळं आठ दिवसांत गावभर झालं की मामानं ताईच्या काकडीला जहर घातलं. कुणी ते वाईट मनानं म्हणत नव्हतं. वय झालं म्हाताऱ्याचं, असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही दरवर्षी बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या आधी शाळेतून तुम्हाला बोलावणं यायचं, द्रावणं तयार करायला, तराजू बघायला. त्या वर्षी आलं नाही. हे मला माझ्या भाच्याकडून कळलं, आणि मी त्याला म्हणाले, बरं झालं, त्यांना दगदग नको. उरलेल्या निम्म्या वेली मी वाचवल्या. भाऊजींनी तिसरा हंगाम दिला. पॉलिहाऊस आज पाच गुंठ्यांचं वीस गुंठे झालंय.

दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तुम्ही गेलात. मी भेटायला आले ती पाचव्या दिवशी, वालूरच्या रस्त्याला असलेल्या तुमच्या त्या दोन खोल्यांत. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जवळ बसवलं आणि आपणहून तुमच्याबद्दल बोलायला लागल्या. "तुमच्याकडून आले ना त्या दिवशी, तवापासून मन लागलं न्हाई त्यांचं. सेलूला डाक्टरकडं गेले डोळे दाखवायला. डाक्टर म्हणले, डोळा एकदम साफ हाय. तर आजून घाबरले. डोळा साफ हाय तर मग मला दिसलं कसं न्हाई, म्हणायचे. डोक्यातच काय तर झालं आसंल." मग त्यांनी कोनाड्यातून एक पाटी काढली. "मला म्हणायचे, तू आकडे लिही. मी चौथी शिकलेली, मी लिहायची. कुठं टिंब द्यायची, कुठं न्हाई द्यायची. ते तिकडं दारात उभं राहून वाचायचे. रोज दुपारी. एकबी चुकला न्हाई, ताई, दोन वर्षांत एकबी न्हाई. तरीबी म्हणायचे, त्या दिवशी चुकलोच की. पोरीचं नुकसान केलं मी."

तिथं मला कळलं, मामा. तुम्ही मला माफ केलेलं नव्हतं. माफ करायला तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं. तुम्ही तो कागद उजेडाकडं धरून माझी लबाडी बघत नव्हतात, स्वतःची चूक शोधत होतात. टिंब होतं. पोरीनं लिहिलेलं होतं. आणि पोरगी खोटं बोलत असेल हे तुमच्या मनातही आलं नाही, म्हणून मग खोटे ठरले तुमचे डोळे, मग तुमचं डोकं. चाळीस वर्षं ज्या माणसाचं वजन कधी रतीभर हललं नाही तो दोन वर्षं दारात उभा राहून पाटीवरचे आकडे वाचत राहिला, आणि बरोबर वाचूनही त्याची खात्री पटली नाही. मामींच्या हातात पाटी होती. तिच्यावर तुमच्या शेवटच्या दुपारचे आकडे तसेच होते, त्यांनी पुसले नव्हते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला बोलायचं होतं. पण ओसरीवर तुमचे भाऊबंद बसले होते, भाऊजी खाली जीपमध्ये थांबले होते, आणि मी मामींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्या दुःखानं रडतेय असं त्यांना वाटलं. थोडं तेही होतंच.

हे कागद मी आठवडाभर लिहितेय. सुरू केलं तेव्हा मनात होतं की पूर्ण झालं की मामींकडं न्यायचं आणि वाचून दाखवायचं. त्यांना ऐकू येतं अजून नीट. पण मी हे तुम्हाला लिहायला बसले, यातच काय ते आलं. तुम्ही काही विचारणार नाही. त्या विचारतील, आणि एकच विचारतील, की मग ते असताना का नाही सांगितलंत. त्यामुळं हे कपाटात, बियाण्यांच्या पाकिटांखाली जाईल.

एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. परवा सोमवारी मी मामींकडं गेले होते. सांगायचंच असं ठरवून गेले होते. भाऊजी गेले त्याला चार वर्षं झाली, जमीन माझ्या नावावर आहे, मला आता जाब विचारणारं कुणी नाही. मामींनी चहा केला. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्याबद्दल लय चांगलं बोलायचे ते. एवढी मोठी गलती झाली माझ्याकून, तरी ताईनं एक वाकडा शब्द काढला न्हाई, म्हणायचे." त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. दारं उघडी होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, बोलायला याहून बरी वेळ आली नसती. मी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "होतं मामी, माणसाकडून."